पुण्याच्या फ्लॅटमध्ये हायड्रेंजिया: फुलं ओसरल्यावरही झाड टिकवायचं तर

थंडी पडली की पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये फुललेल्या हायड्रेंजियाच्या कुंड्या दिसायला लागतात. निळे, गुलाबी, पांढरे, ओंजळीत न मावणारे गुच्छ. कुंडी घरी येते, महिनाभर दिवाणखान्याची शोभा वाढवते आणि बहुतेक घरांत मे महिन्याच्या आत झाड वाळतं. पाणी कमी पडलं, असं सगळे म्हणतात. पाणी लागतंच, पण त्याहून जास्त झाडं मरतात ती चुकीच्या महिन्यात चुकीचं काम केल्यामुळे.

घरात ठेवायला मिळते ती जात हायड्रेंजिया मॅक्रोफायला, मूळची जपानच्या किनाऱ्याकडची. तिला ओलसर, आम्लधर्मी माती, दमट हवा आणि गार रात्री लागतात. उटी, कोडाईकनाल, दार्जिलिंगला ती उघड्यावर सहज वाढते. पुण्यात दमट हवा जून ते सप्टेंबर मिळते, गार रात्री नोव्हेंबर ते जानेवारी मिळतात आणि मार्च ते मे यांतलं काहीच मिळत नाही. म्हणून थंड देशांतल्या पुस्तकांतलं वेळापत्रक (फुलं संपताच कडक छाटणी, लगेच नवी कुंडी, उन्हाळाभर खत) इथे उचलून चालत नाही. एप्रिलच्या झळांत कोवळे फुटवे करपतात आणि मुळं दुखावलेलं झाड बसतं ते बसतंच. पुण्यातलं साधं गणित असं: उन्हाळ्यात फक्त जगवायचं, पावसाळ्यात वाढवायचं, थंडीत कळी धरू द्यायची.

कुंडी निवडताना

पूर्ण उमललेला गुच्छ घेऊ नका. गुच्छातली निम्मी फुलं उमललेली आणि कडेची अजून हिरवट-पिवळसर असतील अशी कुंडी घेतली तर फुलं घरात चार ते सहा आठवडे टिकतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरं तर रंगीत निदलं, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण असतात, म्हणूनच ती इतकी टिकतात. खरं फूल म्हणजे मधला बारीक ठिपका.

पानं उलटून मागची बाजू बघा. बारीक जाळी, पांढरा कापूस किंवा चिकटपणा असेल तर ती कुंडी सोडून द्या. तळाच्या भोकातून दिसणारी मुळं पांढरी हवीत. ती तपकिरी आणि मऊ असतील तर वरून झाड कितीही टवटवीत दिसलं तरी आत कूज सुरू झालेली आहे. शक्य असेल तर तीन-चार जाड दांड्यांचं झाड घ्या. एकाच दांडीवर एकच मोठा गुच्छ असलेलं झाड भेट द्यायला छान, पण सांभाळायला अवघड. उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या नर्सऱ्यांत निवडीला वाव जास्त मिळतो, मात्र घरी आणताना गाडीच्या उघड्या खिडकीशी कुंडी ठेवू नका. तासाभराच्या वाऱ्यात पानं मान टाकतात.

नर्सरीतलं झाड ठेंगणं आणि गच्च दिसतं, कारण व्यावसायिक बागांमध्ये त्याला उंची रोखणारं औषध, बहुधा डॅमिनोझाइड, मारलेलं असतं. त्याचा असर पुढच्या वाढीत राहत नाही. पुढच्या वर्षी फांद्या लांब झाल्या तर काही बिघडलं असं समजू नये.

फुलं आहेत तोवर

चकचकीत कागद किंवा प्लॅस्टिकचं वेष्टन आधी काढा. त्यात साचलेलं पाणी दिसत नाही आणि मुळं कुजतात. कुंडी बदलू नका, खतही नको.

जागा अशी हवी की जिथे दिवसा दिवा न लावता वाचता येईल, पण दहानंतरचं ऊन पानांवर पडणार नाही. पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी उत्तम, उत्तरेची चालेल, पश्चिमेची अजिबात नको. फॅनच्या थेट खाली, एसीच्या झोतात, फ्रिजवर, टीव्हीशेजारी ठेवू नका. खोली जितकी गार, फुलं तितकी टिकतात. वीस अंशांच्या आसपास ती सर्वांत खूश असतात. म्हणून रात्री कुंडी गॅलरीत आणि दिवसा आत, एवढं केलं तरी आठवडाभर जास्त मिळतो. उंच मजल्यावर वारा जोरात असेल तर कठड्याच्या आडोशाला, खाली जमिनीवर ठेवा.

आंब्याची पेटी किंवा अढी असलेल्या खोलीतही हे झाड नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने हायड्रेंजियाची पानं गळतात. थंड देशांतले उत्पादक गोदामातल्या झाडांची पानं उतरवायला मुद्दाम पिकलेली सफरचंदं शेजारी ठेवत, इतका हा परिणाम खात्रीचा आहे.

पाणी: किती आणि कुठलं

नर्सरीतलं झाड बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज धरत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने तळातून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. झाडाला रोज पाणी घालूनही ते सुकतं त्याचं हे सर्वांत मोठं कारण. यावर उपाय एकच: बादलीत कुंडीच्या काठाच्या खाली दोन बोटं इतकं पाणी घ्या, कुंडी त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, बुडबुडे थांबले की काढा आणि अर्धा तास निथळू द्या. फुलं असताना आठवड्यातून एकदा हे करावंच. एरवी बोट एक पेरभर आत घालून बघा. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत घाला. सहा इंची कुंडीला साधारण ३०० ते ४०० मिली लागतं. जानेवारीत हे एक दिवसाआड पुरतं, फेब्रुवारीअखेर रोज आणि एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ. बशीत उरलेलं पाणी ओतून टाका.

झाड मरगळलेलं दिसलं की लगेच तांब्या उचलू नका, आधी मातीला हात लावा. दुपारी पानं लोंबली, माती ओली आहे आणि संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहिली, तर ती फक्त उष्णता आहे. पानं पाणी हवेत सोडतात त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत. सावलीत सरकवा, पाणी नको. माती कोरडी असेल तर बादलीत बुडवा. दोन तासांत झाड उठतं. माती ओली आहे आणि सकाळीसुद्धा पानं लोंबलेलीच असतील, तर ती मूळकूज. इथे आणखी पाणी घातलं की झाड संपलं. कुंडीतून काढून काळी, मऊ मुळं कात्रीने कापा, पानं निम्म्याने कमी करा, कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात लावा आणि तीन-चार दिवस फक्त ओल टिकेल इतकंच पाणी द्या.

आता पाणी कुठलं. खडकवासल्याचं नळाचं पाणी या झाडाला चालतं. अडचण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची. त्यातल्या क्षारांमुळे माती हळूहळू अल्कधर्मी होते, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी अनेक घरांत झाडांना घालतात. पाणी वाचवण्याची सवय चांगलीच, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त घट्ट झालेले असतात. हायड्रेंजियाला ते अजिबात घालू नका, त्याने फरशी पुसा. एसीच्या नळीतून थेंब-थेंब पडणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असतं. स्वच्छ बादलीत जमवून ते द्या. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम.

बोअरचंच पाणी असेल तर दहा लिटरच्या बादलीत पाव चहाचा चमचा, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम, लिंबूसत्त्व विरघळवा. किराणा दुकानात मिळतं तेच. एवढ्याने पाण्यातला क्षारांचा थोडाफार जोर मोडतो. त्याहून जास्त घालायचं असेल तर सामू मोजायची पट्टी आणा. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते सहाच्या दरम्यान राहिला पाहिजे, खाली जाता कामा नये.

मार्च ते मे: फक्त जगवायचं

फुलं हिरवट पडून कागदासारखी झाली की गुच्छाखालच्या पहिल्या भरदार पानांच्या जोडीच्या वर, अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून कापा. मार्चमध्ये कात्री इथेच थांबते. खाली पानं जितकी आहेत तितकी राहू द्या.

पारा अडतीस-चाळीसला जातो, दुपारची हवा अगदी कोरडी असते. या काळात झाडाला उत्तरेची गॅलरी किंवा ड्राय बाल्कनी द्या. पूर्वेचीच गॅलरी असेल तर सकाळी नऊनंतर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवू नका, खाली दोन विटा द्या. मुळं तापू नयेत म्हणून सोपी युक्ती म्हणजे कुंडीत कुंडी: दोन-तीन इंच मोठी मातीची कुंडी घ्या, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती वाळू रोज भिजवा. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच इथे मुळांभोवती होतं. वरून वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा.

पानांवर पाणी फवारण्यावर आमचा फारसा विश्वास नाही. दमटपणा पाच मिनिटं टिकतो आणि क्षारांचे पांढरे डाग मात्र कायम राहतात. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, ओल्या खड्यांच्या ताटावर ठेवाव्यात. घरात कूलर चालत असेल तर त्याच खोलीत, पण झोतापासून दूर, झाड सुखात राहतं.

खत बंद. पानांच्या कडा थोड्या तपकिरी होतील, खालची काही पिवळी होऊन गळतील. त्याची काळजी नको, दांडी हिरवी आहे तोवर झाड जिवंत आहे. खात्री करायची तर सालीवर नखाने हलकं खरवडून बघा.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर सुती दोरीची वात करा. करंगळीएवढ्या जाड दोरीचं एक टोक काडीने मुळांच्या गोळ्यात दहा सेंटिमीटर खोचा, दुसरं कुंडीपेक्षा थोड्या उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत तळापर्यंत सोडा. दोरी आधी भिजवलेली हवी, नाहीतर पाणी ओढायला सुरुवातच होत नाही. निघण्याआधी दोन दिवस लावून बघा आणि बादलीवर झाकण ठेवा, डास होणार नाहीत.

जून: कुंडी, माती, छाटणी

पाऊस नीट सुरू झाला, हवा दमट झाली, दुपारचा पारा तिशीच्या आसपास आला की वर्षातलं मुख्य काम करायचं. साधारण जूनचा दुसरा पंधरवडा. जुलैचा पहिला आठवडाही चालतो.

सहा इंची कुंडीतलं झाड आठ इंचीत जावं, थेट बारा इंचीत नको. मोठ्या कुंडीतली जादा माती ओली राहून कुजते. प्लॅस्टिकची किंवा मातीची कुंडी घ्या. सिमेंटची नको, तिच्यातून चुना सुटतो आणि माती अल्कधर्मी होते. तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं असावीत.

बागेतली काळी माती वापरू नये. ती चिकट असते, पाणी धरून ठेवते आणि तिचा सामू बहुधा सातच्या वर असतो. हे प्रमाण ठेवा: धुतलेलं कोकोपीट ३ भाग, लाल माती २ भाग, कुजलेल्या पानांचं खत २ भाग, गांडूळखत १ भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) १ भाग. आठ इंची कुंडीला साधारण चार ते पाच लिटर मिश्रण पुरतं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवल्यावर आठ-नऊ लिटर होते. ती दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, नारळाच्या काथ्यात मीठ असतं. परलाइटऐवजी भाताचं जाळलेलं तूस घालायचा मोह होईल, पण त्यातली राख अल्कधर्मी असते. अंड्याची टरफलं, चुना, चुलीची राख, हाडांचा चुरा यांतलं काही नको.

झाड काढून गोळ्याच्या बाहेरची गुंडाळलेली मुळं बोटांनी सैल करा, तळाला चटई झाली असेल तर सेंटिमीटरभर कापून टाका. पूर्वी ज्या पातळीपर्यंत मातीत होतं तेवढंच खोल लावा. मग छाटणी: मेलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक दांड्या बुडातून काढा, चार ते सहा जाड दांड्या ठेवा, आणि प्रत्येकीवर खालून डोळ्यांच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबांच्या) दोन-तीन जोड्या राखून वरचा भाग कापा. कात्री स्पिरिटने पुसलेली असावी. दहा दिवस सावलीत ठेवा, नंतर सकाळच्या उन्हात.

नव्या फांद्यांना पानांच्या चार जोड्या आल्या की, साधारण जुलैअखेर, शेंडा एकदा खुडता येतो. झाड भरगच्च होतं. पंधरा ऑगस्टनंतर मात्र कात्री किंवा बोट शेंड्याला लावायचं नाही. या जातीची कळी गेल्या हंगामातल्या फांदीच्या टोकाला धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाड नीटनेटकं दिसावं म्हणून शेंडे कापले की त्या वर्षीची फुलं तिथेच गेली. ‘पानं भरपूर, फूल एकही नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच कापणी असते.

पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली ठेवा. सलग पावसात माती चिखल होते. बश्या काढून टाका, त्यातल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खत कुंडी बदलल्यावर तीन आठवड्यांनी सुरू करा. पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस (हे आकडे म्हणजे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण), लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर, आणि तेही ओल्या मातीवर. निळा रंग हवा असेल तर त्याऐवजी तेरा-शून्य-पंचेचाळीस त्याच प्रमाणात द्या, कारण स्फुरद अल्युमिनियमला बांधून ठेवतं. सप्टेंबरच्या मध्यावर नत्र बंद. ऑक्टोबरमध्ये शून्य-शून्य-पन्नास लिटरला १ ग्रॅम असं दोनदा. याच महिन्यात पुन्हा ऊन तापतं, तेव्हा आठ-दहा दिवस झाड शेडनेटखाली घ्यावं लागतं.

थंडी आणि कळी

फुलाची कळी तयार व्हायला या झाडाला सहा ते आठ आठवडे १८ अंशांखालचं तापमान लागतं. पुण्यात नोव्हेंबरपासून रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारापर्यंत उतरतो. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून झाड रात्रंदिवस बाहेर, उघड्या गॅलरीत राहिलं पाहिजे. बंद दिवाणखान्यात रात्रीही वीस-बावीस अंश असतात, तिथे कळी धरत नाही. पाषाण, एनडीएच्या बाजूला रात्री मगरपट्ट्यापेक्षा गार असतात, त्यामुळे शहराच्या पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांना इथे थोडा फायदा आहे. या महिन्यांत सकाळी अकरापर्यंतचं ऊन चांगलं. पाणी एक-दोन दिवसाआड. काही पानं गळली तर गळू द्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्यावसायिक उत्पादक कळी धरल्यावर झाड सहा आठवडे चार ते सात अंशांच्या शीतगृहात ठेवतात, मग सोळा-अठरा अंशांत फुलवतात. पुण्यात दुपारी पारा तिशीला टेकतो आणि तेवढी थंडी कधीच मिळत नाही. त्यामुळे घरी पुन्हा आलेले गुच्छ लहान असतात, सगळ्या दांड्यांवर येत नाहीत आणि एखादं वर्ष कोरडंही जातं. नीट सांभाळलेल्या झाडावर दोन-तीन गुच्छ आले तर ते चांगलं यश समजावं.

जानेवारीअखेर दांडीचं टोक बघा. फुलाची कळी गोल आणि फुगीर, पानाची निमुळती आणि टोकदार. फुगीर टोकं दिसली की पाणी वाढवा, एकोणीस-एकोणीस लिटरला अर्धा ग्रॅम असं एकदा द्या (निळ्यासाठी तेरा-शून्य-पंचेचाळीस), आणि गुच्छाचं वजन पेलायला बारीक काडीचा आधार द्या.

निळा हवा की गुलाबी

निळ्या आणि गुलाबी फुलांतलं रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन गटातलं. फुलात अल्युमिनियम पोचलं की त्याचा रंग निळा होतो, नाही पोचलं तर गुलाबी राहतो. मातीचा सामू साडेपाचच्या खाली असेल तर अल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं. साडेसहाच्या वर ते मातीतच अडकतं. मधल्या पट्ट्यात जांभळट छटा येतात. निळं म्हणून आणलेलं झाड पुण्यात पुढच्या वेळी गुलाबी फुलतं ते यामुळेच: आपलं बोअरचं पाणी आणि काळी माती दोन्ही त्याला गुलाबीकडे ढकलतात. गुलाबीच आवडत असेल तर काहीच करू नका. पांढऱ्या जातीला मात्र कशानेही निळं करता येत नाही.

मातीचा सामू बघायला एक भाग माती, दोन भाग एसीचं पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवा.

निळ्यासाठी अल्युमिनियम सल्फेट लिटरला ४ ग्रॅम, किंवा घरातली तुरटी. तुरटीत अल्युमिनियम थोडं कमी असतं, म्हणून ती लिटरला ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे बारीक पूड केलेला एक सपाट चमचा, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून गार झाल्यावर. आठ इंची कुंडीला अर्धा लिटर. आदल्या दिवशी माती भिजवलेली असावी, कोरड्या मातीत हे द्रावण मुळं जाळतं. सप्टेंबरअखेर सुरू करून दर पंधरा दिवसांनी एकदा, पाच-सहा वेळा, कळीवर रंग दिसेपर्यंत. खत आणि तुरटी एका दिवशी देऊ नका, मध्ये आठवडा ठेवा. पानांच्या कडा अचानक करपल्या तर तुरटी थांबवून कुंडीतून दोन-तीन लिटर साधं पाणी वाहू द्या. फूल उमलल्यावर तुरटीचा उपयोग नाही. गंजके खिळे पुरण्याचा सल्ला सोडून द्या, लोहाने फूल निळं होत नाही. चहाचा चोथा आणि कॉफीनेही रंगात फरक पडण्याइतकी आम्लता येत नाही.

बाकी काय बिघडतं

कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोहाची कमतरता. बहुधा लोह मातीत असतं पण सामू वाढल्याने मिळत नाही. चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांनी पुन्हा. मग पाणी सुधारा, नाहीतर महिन्याभरात परत पिवळी होतील.

उन्हाळ्यात पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची, मागे कोळ्याचं जाळं: लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालायला लागले तर खात्री. तीन-तीन दिवसांनी तीनदा पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा, नंतर निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, ऊन उतरल्यावर. फुलांवर फवारू नका, डाग पडतात. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने एकेक पुसा.

थंडीत पानांवर पांढरी पूड ही भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा निंबोळी तेलानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक मारलं तर पानं भाजतात. पावसाळ्यात जांभळट कडेचे तपकिरी ठिपके दिसले तर ती पानं काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नको, आणि पाणी फक्त मातीवर घाला.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. या झाडाच्या पानांत आणि कळ्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. चावून खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात.

छाटलेल्या फांद्यांचं काय करायचं

जूनच्या छाटणीतले शेंडे फेकू नका. फूल न आलेल्या, हिरव्या पण लवचिक फांदीचं दहा-बारा सेंटिमीटरचं टोक घ्या, डोळ्यांच्या जोडीच्या लगेच खाली कापा. खालची पानं काढा, वरच्या दोन पानांचं अर्धं पातं कापून टाका म्हणजे पाणी कमी उडतं. बुडाला मुळं फुटायची पावडर लावून निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट अशा ओल्या मिश्रणात चार सेंटिमीटर खोचा. वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, तिला दोन-तीन भोकं, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. तीन-चार आठवड्यांत हलकं ओढल्यावर फांदी मिश्रणाला धरून राहिली की मुळं आली. पिशवी एकदम काढू नका, चार-पाच दिवस रोज थोडा वेळ उघडी ठेवत जा. मग चार इंची कुंडीत, वर सांगितलेल्याच मिश्रणात लावा. पहिल्या वर्षी या रोपांवर फूल धरू नये. कळी दिसली तरी खुडा, त्या वर्षात मुळं भरली तरच रोप पुढच्या मे महिन्यात तग धरतं.